रोझेलिडाचं छपरासकट कंत्राट

उयोमाची जमीन जिथे संपते आणि सरोवराचं पाणी सुरू होतं, तिथपर्यंत रोझेलिडा आवुओरच्या भिंती उभ्या आहेत. शाळेचे चार वर्ग तिचे, दवाखान्यातली बाळंतिणींची खोली तिची, मासळीबाजारातला बर्फाचा गाळाही तिचाच. तिची भिंत लांबून ओळखू येते, कारण शेजारी उभी असलेली दुसरी कुठलीही भिंत दारू प्यायल्यासारखी दिसते.

ती या धंद्यात आली तीही गंमतच. तिचा नवरा ओगोला नावाजलेला गवंडी. मिशनच्या बांधकामावर परांचीवरून पडला आणि कंबर धरून घरी बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा ओळंबा पिशवीत टाकून रोझेलिडा कामावर हजर! मुकादम म्हणाला, "वहिनी, ओगोला नाही आला?"

"त्याचा ओळंबा आलाय ना," ती म्हणाली. "भिंत ओळंब्यानं सरळ होते का मिशीनं?"

मुकादमाला मिशी होती आणि त्याची भिंत वाकडी होती. त्याने तिला कामाला लावलं. त्यानंतर पाच वर्षांत ती स्वतः कंत्राटं घ्यायला लागली. ओगोला घरी कोंबड्या पाळायचा आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, "बायकोला मीच शिकवलं." हे अर्धं खरं होतं. कोंबड्यांची अंडीही धंद्यात कामाला यायची. भिंत पुरी झाली की रोझेलिडा तिच्या माथ्यावर एक कच्चं अंडं ठेवी. घरंगळलं तर गवंड्याने वरचा थर उतरवायचा आणि अंडं भरून द्यायचं. एका आठवड्यात सात अंडी भरून दिलेला एक गवंडी शेवटी धंदा सोडून कोंबड्याच पाळायला लागला म्हणतात. त्याचं बरं चाललंय.

तर पायापासून माथ्यापर्यंत सगळं रोझेलिडाचं. माथ्याच्या वर मात्र काही नाही. त्या मुलखात बाई घरावर चढत नाही. नवऱ्याच्या घरावर चढली तर नवऱ्याच्या डोक्यावर बसल्यासारखं, आणि दुसऱ्याच्या घरावर चढली तर त्याहून वाईट. त्यामुळे छपराचं काम ती नेहमी पोटकंत्राटदाराला देई. आणि खरं सांगायचं तर या रिवाजाचा तिला जाच कमी आणि आरामच जास्त होता. चर्चचं छप्पर गळायला लागलं तेव्हा फादर तणतणत आले. रोझेलिडाने शांतपणे विचारलं, "फादर, भिंतीतून पाणी आलं का?"

"नाही."

"खालून आलं?"

"नाही, बाई, वरून आलं!"

"मग वरचं मला काय विचारता? मी बाईमाणूस. मी कधी वर जाऊन बघितलंय?"

फादर परत गेले. त्यांनी वेदीजवळ दोन बादल्या ठेवल्या आणि त्या भरायच्या आत प्रवचन संपवायची सवय लावून घेतली. लोक खूश झाले. रोझेलिडाला कुणीच बोल लावला नाही.

असं गोड चाललेलं असताना म्हाताऱ्या रासांगांचं काम आलं.

रासांगा म्हणजे न्यागुडा गावातले जादुओंग, थोरले घरधनी, वय ऐंशीच्या पुढे. घर मातीचं, वर गवताचं चौपाखी छप्पर, आणि छपराच्या टोकावर आभाळाकडे तोंड करून उभी असलेली लाकडी ओसुरी. घरधनी जिवंत आहे तोवर ती काठी तिथे उभी राहते. तो गेला की उतरवतात. रस्त्याने जाणारा कुणीही मान वर करून बघतो आणि घरात कर्ता पुरुष आहे की नाही ते ओळखतो.

गवत दर दोन वर्षांनी बदलायचा रासांगांना कंटाळा आला होता. थोरला मुलगा ओडेरो शाळामास्तर. तो म्हणाला, "बाबा, पत्रे घालू." रासांगा म्हणाले, "घाल. पण काम एकाच्या अंगावर टाक. गवंडी म्हणतो सुतार चुकला, सुतार म्हणतो लोहार चुकला, आणि मी पावसात बसतो. तसलं मला नको."

म्हणून ओडेरोने मास्तरी अक्षरात करारनामा लिहिला. भिंतींची डागडुजी, गिलावा, वर पत्रे. आणि शेवटी एक कलम: कामाचा कोणताही भाग कंत्राटदाराने दुसऱ्याला दिला, तरी त्या भागाची जबाबदारी मालकापाशी कंत्राटदाराचीच राहील. रोझेलिडाने ते वाचलं आणि सही केली. असली कलमं सगळ्याच करारात असतात, कोण एवढं मनावर घेतं!

करार झाला आणि रासांगा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी किसुमूला मुलीकडे गेले. त्यांची म्हातारी बायको सोबत गेली आणि सुट्टी काढून ओडेरोही गेला. घराची किल्ली रोझेलिडाकडे.

भिंती तिने स्वतः केल्या. छप्पर दिलं मुसेंबीला. मुसेंबी मचाकोसकडचा, पार देशाच्या दुसऱ्या अंगाचा माणूस. बोंडोच्या बाजारात तीन वर्षांपूर्वी आला आणि तिथेच टिकला. दुकानं, गोदामं, शाळा यांची छपरं त्याने घातली होती, आणि त्याच्या छपराखाली कुणी भिजल्याचं ऐकिवात नव्हतं. स्वभावाने सरळ, कामात इतका नीटनेटका की खिळेसुद्धा दोरी धरून ओळीत मारायचा. रोझेलिडाने त्याला अर्ध्या कागदावर लिहून दिलं: जुनं गवत काढणे, चाळीस पत्रे, वासे तपासून बदलणे, टोकाला टोपी, एक थेंब गळता कामा नये. खाली दोघांच्या सह्या.

ओसुरीबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. ती त्याच मुलखात जन्मलेली; ते कुणाला सांगावं लागेल, हेच तिच्या मनात आलं नाही. घराला दार ठेव, असं कुणी गवंड्याला लिहून देतं का?

मग ती बोंडोला बाजाराच्या नव्या शेडचा पाया घालायला गेली.

इकडे मुसेंबी छपरावर चढला. गवत काढलं, वासे बदलले, चारही अंगांनी पत्रे ठोकत टोकाशी आला, तर मध्येच ही काठी! त्याने कपाळाला हात लावला. पत्र्यातून काठी बाहेर आली की भोक आलं, आणि भोक आलं की गळणं आलं. कागदावर तर लिहिलंय, एक थेंब नाही. त्याने करवत घेतली, काठी मुळाशी कापली आणि तिथे स्वतः ठोकून घडवलेली सुरेख टोपी बसवली. काठी जुनी, वाळलेली, कणखर लाकडाची. खाली त्याच्या माणसांनी मका आणि घेवडा शिजत घातला होता, चूल पेटत नव्हती. त्या काठीवर असं झकास शिजलं की पाहणीला आलेले, गावचा सरकारी कारभार बघणारे असिस्टंट चीफ ओकेच यांनीही दोन वाट्या खाल्ल्या आणि वाखाणलं. त्यांनी वर बघितलं नाही. समोर घेवडा होता.

वर बघितलं ते रस्त्याने जाणाऱ्या शेजारणीने. छपरावर ओसुरी नाही! तिने डोक्यावरची घागर खाली ठेवली आणि हंबरडा फोडला.

"रासांगा गेले गं! किसुमूच्या ऑपरेशनात गेले!"

आता कुणी म्हणेल, फोन करायचा. पण ज्याच्या घरी माणूस गेलं त्याला फोन करून 'खरं का हो?' असं विचारतात का? संध्याकाळपर्यंत सगळं गाव जमलं. दुसऱ्या दिवशी चर्चची गाणारी मंडळी आली, मंडप उभा राहिला, तीन कोंबड्या कापल्या गेल्या, त्याही रासांगांच्याच. लांबच्या एका चुलतभावाने तर रडत रडत रासांगांच्या खुर्चीत बसूनही बघितलं.

बातमी बोंडोला पोचली. रोझेलिडा पायाच्या खड्ड्यातून वर आली आणि मनापासून रडली. म्हातारा तिच्याशी नेहमी चांगला वागला होता. दोन किलो साखर आणि चहाचा पुडा घेऊन ती बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, मागे बसून न्यागुडाला निघाली. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि सवयीने आधी भिंत बघितली. भिंत सरळ होती. मग नजर वर गेली.

साखर हातातून पडली.

तिच्यामागेच धूळ उडवत एक मटाटू, भाड्याची प्रवासी गाडी, थांबली. त्यातून ओडेरो उतरला, म्हातारी उतरली आणि शेवटी डोळ्यांवर काळा चष्मा लावलेले रासांगा उतरले. अंगणातलं रडणं मधेच तुटलं. एक बाई उभीच्या उभी किंचाळली. गाणाऱ्यांपैकी एकाचे मात्र डोळे मिटलेले होते, तो एकटाच पुढचं कडवं म्हणत राहिला.

"कोण गेलं रे?" रासांगांनी विचारलं.

चुलतभाऊ खुर्चीतून उठत म्हणाला, "तुम्हीच की, दादा."

रासांगांनी चष्मा काढला. तीस वर्षांत त्यांना इतकं स्वच्छ दिसलं नव्हतं. त्यांनी छपराकडे बघितलं आणि मग फाटकापाशीच आंब्याखाली जाऊन बसले. "मेलेला माणूस स्वतःच्या घरात पायांनी चालत जात नाही," म्हणाले. "मी इथंच बसतो. माझा निकाल लावा."

म्हातारी म्हणाली, "अहो, आत तरी चला, चहा करते."

"विधवेच्या हातचा?" म्हातारा म्हणाला. म्हातारीने पदर तोंडाला लावला, तो रडायला की हसायला ते कुणाला कळलं नाही.

दुपारी आंब्याखालीच बैठक बसली. गावची वडीलधारी मंडळी, मध्ये असिस्टंट चीफ ओकेच, आणि समोर मुसेंबी, हातात हातोडी तशीच. त्याला अजून उलगडा झाला नव्हता.

"काठी तू कापलीस?"

"हो साहेब. गळली असती."

"काठी कुठं आहे?"

मुसेंबी घुटमळला. "साहेब, ती... आपण खाल्ली."

"काय?"

"म्हणजे तिच्यावर घेवडा शिजवला. तुम्ही दोन वाट्या घेतल्या."

वडीलधाऱ्यांनी ओकेचकडे बघितलं. ओकेच यांनी घसा साफ केला आणि पुढचा प्रश्न जरा चढ्या आवाजात विचारला. "जिवंत माणसाला मारलंस, कळतंय का तुला? याची हत्यारं जप्त करा. जिवंत माणसावर मयताची रडारड झाली, ती उतरवायला मेंढा कापावा लागतो, तो यानेच आणायचा. आणि पुन्हा या भागात छपरावर चढायचं नाही."

मुसेंबीने हातोडी जमिनीवर ठेवली. हत्यारं गेली म्हणजे त्याचं बोंडोतलं सगळं गेलं. बाजू तरी कशी मांडणार? त्याला त्यांची भाषा जेमतेम येत होती, आणि जेवढी येत होती तेवढी छपराची होती.

"आणि न्यार अलेगो," ओकेच रोझेलिडाकडे वळले. अलेगोची लेक म्हणून गाव तिला याच नावाने हाक मारी. "तू घाबरू नकोस. तुझा यात काय दोष? छप्पर पुरुषाचं काम. तू बाईमाणूस, तू काय वर जाऊन बघणार होतीस?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे वाक्य रोझेलिडाच्या चांगलंच ओळखीचं होतं. आजवर ती स्वतः ते बोलत आली होती, आज दुसरा कुणी तिच्यासाठी बोलला, एवढाच फरक. ती उठून साखर गोळा करायला निघालीच होती.

तेवढ्यात ओडेरो मास्तर अगदी भल्या मनाने म्हणाला, "खरंच, वहिनी, तुमच्या भिंतीला तोड नाही. माझं नवं घर बांधायचंय ना, त्याच्या भिंती तुम्हीच करा. छपरासकट सगळ्या कामाचं कंत्राट मी बोंडोच्या ओकुमूला देतो. तो तुम्हाला भिंतीचं काम देईल. म्हणजे असा घोळ नको."

"बरोबर आहे," एक म्हातारा म्हणाला. "दवाखान्याच्या वाढीव खोल्यांचंही तसंच करा. वरचं ज्याचं, त्याच्याकडे कंत्राट. भिंतीपुरती ही आहेच."

रोझेलिडा साखरेवर वाकलेली तशीच थांबली. भिंतीपुरती! म्हणजे उद्यापासून ओकुमू तिला सांगणार, इथं बांध, तिथं बांध, आणि संध्याकाळी रोजगार देणार. ओळंबा घेऊन गेलेल्या त्या पहिल्या सकाळी मुकादम होता, तसा आता ओकुमू. मधली सगळी वर्षं पुसून गेली. आणि ती कशाने? कुणी तिच्यावर आळ घेतला म्हणून नाही. सगळ्यांनी प्रेमाने तिला सोडून दिलं म्हणून.

ती सरळ झाली.

"ओकेच साहेब, मला सोडू नका."

"अगं, सोडलंच आहे तुला."

"तेच म्हणते. सोडू नका. मास्तर, करारनामा काढा."

ओडेरोने पिशवीतून कागद काढला. "शेवटचं कलम वाचा. मोठ्यानं," ती म्हणाली.

मास्तरने वाचलं. कामाचा कोणताही भाग दुसऱ्याला दिला, तरी जबाबदारी कंत्राटदाराचीच.

"सही कुणाची?"

"तुमची."

"मुसेंबीची आहे का कुठं?"

"नाही."

"मग मुसेंबी तुमच्यापुढं उभा कशाला? तुम्ही त्याला ओळखता का? त्याला काम तुम्ही दिलंत? मी दिलं. हा बघा मी त्याला दिलेला कागद." तिने कमरेच्या फडक्यातून घडी काढली. "चाळीस पत्रे. घातले. टोपी. बसवली. थेंब गळू नये. गळणार नाही. ओसुरी? नाही लिहिली. परमुलखातला माणूस, त्याला कोण सांगणार होतं? मी. नाही सांगितलं. बोंडोला निघून गेले. त्यानं माझा शब्द तंतोतंत पाळला, आणि माझ्या शब्दातच ओसुरी नव्हती."

"पण तू वर चढू शकत नाहीस, न्यार अलेगो," तोच म्हातारा म्हणाला. "जिथं चढता येत नाही तिथली जबाबदारी कशी घेणार?"

"तुम्ही मासेमारीला चार होड्या पाठवता, आजोबा. सगळ्यांत बसता का?"

"नाही..."

"जाळं हरवलं तर घरची मालकीण कुणाला धरते?"

"मला," म्हातारा पुटपुटला. "आणि चांगलंच धरते." लोक हसले. त्याच्या बायकोला गाव ओळखून होतं.

ओकेच म्हणाले, "विचार करून बोल. मेंढा तुला द्यावा लागेल. सगळ्यांसमोर माफी मागावी लागेल. उद्या लोक म्हणतील, रोझेलिडानं रासांगांना मारलं."

"म्हणू देत. पण मग असंही म्हणावं लागेल की छप्पर रोझेलिडाचं होतं." ती चर्चच्या फादरांकडे वळली. ते मयताला म्हणून आले होते आणि चहा घेऊन मागे बसले होते. "फादर, तुमचंही माझंच. सोमवारी येते. बादल्या काढून ठेवा."

फादरांचा चेहरा उजळला. मागच्या रांगेतले दोघेतिघे मात्र कष्टी झाले, प्रवचन आता लांबणार होतं.

मग ती आंब्याखाली गेली आणि रासांगांसमोर गुडघे टेकून बसली. "बाबा, चूक माझी. तुम्ही एकाच्या अंगावर काम टाकायला सांगितलं होतं. ते माझ्याच अंगावर आहे. काय करायचं ते मला सांगा."

दिवसभरात पहिल्यांदा रासांगा हसले. "माझ्या आयुष्यात," ते मंडळींना म्हणाले, "मी सतरा जणांना कामं दिली. चूक माझी म्हणणारं हे पहिलं भेटलं, आणि तेही मला मेल्यावर!" मग गंभीर झाले. "नवी ओसुरी उभी कर. त्याच जागी. संध्याकाळच्या आत. मेंढा कधी द्यायचा ते तुला वडीलधारे सांगतील. आणि या माणसाची हातोडी त्याला परत द्या. तो तिचा माणूस आहे, त्याला काय बोलायचं ते ती बोलेल."

ओकेच यांनी वडीलधाऱ्यांकडे बघितलं. त्यांनी माना डोलावल्या. निकाल झाला.

रोझेलिडाने मुसेंबीला बाजूला घेतलं आणि ओसुरी म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा राखेसारखा झाला. "ताई," तो म्हणाला, "म्हणजे मी करवत चालवली तेव्हा..."

"तू नाही, आपण. आता ऐक. टोपीला मध्यभागी भोक पाडायचं, काठीभोवती पत्र्याची गळपट्टी करायची, वरून डांबर. गळलं तर?"

"तर मी..."

"तर मी," ती म्हणाली. "पण मग तुला मी बघीन."

वडीलधाऱ्यांनी स्वतः लाकूड निवडलं. रासांगांच्या धाकट्या भावाने ते सोलून दिलं. मुसेंबी काठी घेऊन चढला. खाली रोझेलिडा अंगणाच्या मधोमध उभी, एक डोळा मिटून, हातात ओळंबा धरून. सगळं मयताचं गाव तिच्यामागे माना वर करून.

"सरोवराकडं थोडी. जास्त झाली. परत. मुसेंबी, श्वास सोड, तू धरलेला श्वास काठीला लागतोय!"

"ताई, सरळ आहे!"

"तुझ्याकडून सरळ आहे. मी खालून बघतेय, आणि रस्त्यानं जाणारे खालूनच बघणार आहेत. अर्धं बोट पूर्वेला!"

तीन वेळा काढली, तीन वेळा बसवली. चौथ्या वेळी तिने हात खाली घेतला. सरळ! बायकांनी आनंदाने जिभा वाजवून आरोळी ठोकली. जी मंडळी रडायला आली होती तीच आता नाचायला लागली, आणि गाणाऱ्यांनी मधेच सोडलेलं कडवं वेगळ्या चालीत उचललं.

रासांगा उठले. हातातली काठी टेकत अंगण ओलांडलं, दारापाशी थांबून एकदा वर बघितलं आणि आत गेले. म्हातारी मागोमाग गेली. आतून पहिली आरोळी आली ती अशी: "माझी खुर्ची बाहेर कुणी नेली? तिच्यात बसलं कोण होतं?" चुलतभाऊ लगबगीने बोडाबोडा शोधायला गेला.

बाहेर ओडेरो मास्तर रोझेलिडाजवळ येऊन उभा राहिला. जरा ओशाळला होता. "वहिनी, माझ्या घराचं... ओकुमूला अजून सांगितलेलं नाही मी."

"मग नका सांगू. आणि कलम तेच ठेवा. जास्त ठळक करा."

तो काही बोलणार, तेवढ्यात आतून रासांगांची हाक आली. "रोझेलिडा! ए रोझेलिडा! काठीपाशी पत्र्यातून सुईएवढा उजेड दिसतोय!"

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मुसेंबी शिडीच्या मधल्या पायरीवर थांबला होता. खाली यायचं की वर जायचं, ते त्याला ठरवता येईना.

"दिसतोय ना, बाबा? तुम्ही तिथंच बोट दाखवून ठेवा, मी आत येते," ती म्हणाली, आणि मान वर करून ओरडली, "मुसेंबी, उतरू नकोस. डांबर घे."